दुय्यम स्वर

'दुय्यम' हा शब्द फारसीतून मराठीत आला, आणि आला तेव्हा त्याच्या अंगी कोणताही कमीपणा नव्हता. मोजणीत पहिल्यामागून जो येतो तो दुय्यम, एवढाच त्याचा अर्थ होता. महसुलाच्या दप्तरात जमिनीची प्रत अव्वल, दूम, सीम अशी लावीत, तीही सारा ठरविण्याच्या सोयीसाठी. दूम प्रतीच्या रानात ज्वारी पिकत नाही, असे त्या काळच्या कोणा कुळकर्ण्यानेही म्हटले नसते. पुढे मात्र दप्तरातली प्रत माणसांना आणि त्यांच्या गुणांना चिकटली, आणि आज एखाद्या कलावंताला दुय्यम म्हणणे म्हणजे त्याला कमअस्सल ठरविण्यासारखे झाले आहे. शब्दाच्या मूळ अर्थाचा मान राखणारी एक कचेरी तेवढी अजून शाबूत आहे, ती दुय्यम निबंधकाची. तेथील सहीशिक्क्यावाचून केवढ्याही मोठ्या रकमेचे खरेदीखत पुरे होत नाही, हे घर घेतलेल्या प्रत्येक गृहस्थाला ठाऊक असते.

ज्यांचा गळा तयारीचा आणि स्वर निर्मळ असूनही ज्यांच्या नावाशी 'मुख्य गायक' हा हुद्दा कधी लागला नाही, जे ड्रममागे बसून, बास गिटार गळ्यात अडकवून किंवा कळवाद्यावर हात ठेवून गायले, आणि ज्यांच्या वाट्याला एका ध्वनिमुद्रिकेतील दहा-बारा गाण्यांपैकी फार तर एखादे आले, अशा रॉक बँडमधील गायकांविषयी मला लिहावयाचे आहे, आणि त्यांना मी दुय्यम म्हणेन तो या मूळच्या, निष्कलंक अर्थाने. त्यांच्याकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली सरळ विस्मरणाची: गाणे पाठ असते, गाणाऱ्याचे नाव ठाऊक नसते. दुसरी कैवाराची: हा तर मुख्य गायकाहूनही सरस गातो, यालाच पुढे उभे करावयास हवे होते, असे त्याचे चाहते तळमळीने सांगतात. पहिल्या रीतीबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण विसरणाऱ्याशी वाद घालता येत नाही. माझा वाद आहे तो कैवार घेणाऱ्यांशी, आणि तेही माझ्याच पक्षाचे लोक असल्यामुळे तो अधिक आस्थेने घालावासा वाटतो. दुसरा आवाज लावणे ही एक स्वतंत्र आणि पूर्ण कला आहे. ती मुख्य गायकाच्या कलेची अपुरी राहिलेली अवस्था नव्हे. आणि ज्याने ही कला सिद्ध केली त्याला 'तू पहिला व्हायला हवा होतास' असे म्हणणे हा त्याचा गौरव नसून त्याने जे केले ते न ऐकल्याची कबुली आहे, असे माझे मत आहे.

मुख्य गायक हे पद मुळात संगीताच्या गरजेतून निर्माण झाले असे मला वाटत नाही. साठोत्तरीच्या आरंभी इंग्लंडमध्ये वाद्यवृंदांची नावेच 'अमुक आणि त्याचे तमुक' अशी असत. क्लिफ रिचर्ड अँड द शॅडोज हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. पोस्टरवर एक चेहरा लागतो, वार्ताहराला मुलाखतीसाठी एक माणूस लागतो, करारनाम्यावर एक मुखत्यार लागतो, आणि या साऱ्या सोयींसाठी चौघांपैकी एकाला पुढे करावे लागते. १९६२ साली बीटल्स हा बँड जॉर्ज मार्टिन या निर्मात्याच्या हाती आला तेव्हा त्यालाही आरंभी हाच प्रश्न पडला होता, की यांतला म्होरक्या कोणाला करावे, जॉन लेननला की पॉल मॅकार्टनीला. आणि काही काळ विचार करून त्याने तो बेत सोडून दिला. त्याने तो सोडला नसता तर त्या बँडच्या गाण्यांत ज्या तीन गळ्यांचा मेळ आपण ऐकतो त्याचे काय झाले असते, याची कल्पनाही मला करवत नाही.

माझ्या कानाला दुसरा आवाज प्रथम ऐकू आला तो एका बिघाडामुळे. महाविद्यालयाच्या वसतिगृहात माझ्याजवळ एक लहानसा कॅसेट प्लेअर होता, आणि त्याच्या हेडफोनची एका कानाची तार आतून कुठेतरी तुटलेली होती. तार जोडून आणण्याचे काम मी महिनाअखेरीवर ढकलीत असे, आणि महिनाअखेरीस ते पैशाअभावी पुढल्या महिन्यावर जाई. त्या एका कानाने मी क्वीन बँडचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ऐकत असे. त्यातील मधल्या, ऑपेरासारख्या विभागात एका बाजूने हाक येते आणि दुसऱ्या बाजूने तिला उत्तर मिळते. मला हाक ऐकू येई आणि उत्तराच्या जागी जवळजवळ शांतता असे, आणि गाणे असेच तुटक रचलेले असावे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. एका रात्री शेजारच्या खोलीतील मित्राचा धड हेडफोन मागून आणला आणि तेच गाणे लावले. त्या शांततेत माणसे उभी होती. तोवर तो सारा जमाव मी एकट्या फ्रेडी मर्क्युरीचा समजत होतो. त्या रात्रीनंतर मी शोध घेत गेलो तेव्हा कळले, की ते तीन गळे आहेत, आणि त्या विभागातील सर्वांत उंच, काचेसारखा लखलखणारा स्वर मर्क्युरीचा नसून रॉजर टेलर या ड्रमवाल्याचा आहे.

ही गोष्ट तपशिलाने सांगण्याजोगी आहे. १९७५ साली हे गाणे मुद्रित झाले तेव्हा क्वीनच्या हाती चोवीस मार्गिकांची फीत होती. मर्क्युरी, टेलर आणि गिटारवादक ब्रायन मे हे तिघे दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास एकाच ओळीचे थर एकावर एक चढवीत होते; साधारणपणे वरचा स्वर टेलरने, मधला मर्क्युरीने आणि खालचा मेने धरावयाचा, अशी त्यांची वाटणी होती. चौथा सभासद जॉन डीकन या गायनात नव्हता. थरांवर थर घेण्यासाठी फीत इतक्या वेळा यंत्रातून फिरली, की तिच्यावरचे चुंबकीय लेपन झिजून ती आरपार दिसू लागली, असे मेने पुढे सांगितले आहे. टेलर लहानपणी कॉर्नवॉलमधील ट्रूरो येथे कथीड्रलच्या शाळेत समूहगायनात गायलेला होता. दहा मुलांच्या आवाजात आपला आवाज कसा बुडवावा आणि तरीही तो कसा टिकवावा, याचे शिक्षण त्याला रॉक संगीताने नव्हे, प्रार्थनागीतांनी दिले होते. क्वीनचा आवाज म्हणून जग जे ओळखते, तो मर्क्युरीच्या असामान्य गळ्याइतकाच या तिघांच्या परस्परांना दिलेल्या जागेचा आवाज आहे.

आणि मर्क्युरी स्वतः या कलेला परका नव्हता. झांझिबारमध्ये जन्मलेला हा फारोख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला, आणि तेथे मुलांनी काढलेल्या 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये तो पियानो वाजवी आणि मागून सूर धरी; पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच होता. जगातल्या सर्वांत दिमाखदार मुख्य गायकांपैकी एकाने आपली उमेदवारी महाराष्ट्रातल्या एका डोंगरी गावात दुय्यम स्वर लावून केली, ही वस्तुस्थिती मला केवळ प्रांताभिमानाची वाटत नाही. तीन आवाज कसे रचावेत, दुसऱ्याला कोठे वाव द्यावा, हे ज्याला आयुष्यभर नेमके कळले त्याने कधीकाळी मागे बसून ऐकलेले होते, एवढे तिच्यावरून दिसते.

या कलेचे स्वरूप थोडे जवळून पाहिले पाहिजे. मुख्य गायक शब्द हवा तसा ओढू शकतो, मात्रेच्या किंचित मागे रेंगाळू शकतो, एखाद्या रात्री ओळ निराळ्या ढंगाने सोडू शकतो. ते स्वातंत्र्य हेच त्याचे भांडवल असते. दुसऱ्या गायकाला हे स्वातंत्र्य नाही, कारण त्याला त्या स्वातंत्र्याबरोबर चालावयाचे असते. पुढच्याचा 'आ' किती उघडा आहे हे हेरून आपला 'आ' तेवढाच उघडावा लागतो, नाहीतर दोन स्वर शुद्ध असूनही एकमेकांत मिसळत नाहीत. ओळीच्या शेवटी 'स' किंवा 'ट' आला आणि तीन गळ्यांतून तो क्षणभराच्या अंतराने निघाला, तर ध्वनिवर्धकातून नुसती फुसफूस बाहेर पडते. म्हणून शेवटचे व्यंजन एकट्या मुख्य गायकाला उच्चारू द्यावे आणि बाकीच्यांनी स्वर तेथेच मिटवावा, अशी या क्षेत्रातील जुनी वहिवाट आहे. आवाजातला कंप आवरावा लागतो. श्वास अशा ठिकाणी घ्यावा लागतो, की तो घेतल्याचे कळू नये. आणि हे सारे हातांचे काम चालू असताना: बास वाजविणाऱ्याच्या बोटांत एक लय असते आणि गळ्यात तिला छेद देणारी दुसरी. असे दोन तास रोज गाणाऱ्याला आपण दुसऱ्या दर्जाचा म्हणतो, तेव्हा आपण दर्जा कशाचा मोजतो?

मागून गाणाऱ्याची कल्पना मराठी कानाला नवी नाही. शाहिरामागे झील धरणारे असतात, आणि त्यांच्यावाचून पोवाडा उभा राहत नाही, हे खेड्यातले पोरही सांगेल. तथापि झीलकरी शाहिराचीच चाल उचलतो. तो त्या चालीला बळ देतो. रॉकमधला दुसरा गायक निराळ्या उंचीवर उभा राहून निराळी चाल गात असतो, आणि दोन चाली एकाच क्षणी कानावर पडून जो तिसराच परिणाम होतो त्याला हार्मनी म्हणतात. रागसंगीतावर पोसलेले आपले कान स्वभावतः एकाच स्वररेषेमागे जातात. दुसरी रेषा त्यांना सावलीसारखी भासते. ही आपल्या कानांची उणीव नव्हे, ते त्यांचे शिक्षण आहे. परंतु त्यामुळेच माझ्यासारख्याला दुसरी रेषा ऐकू येण्यासाठी तार तुटावी लागली.

बीटल्सच्या जुन्या चित्रफितींत एक दृश्य वारंवार दिसते. मॅकार्टनी डावखुरा आहे आणि जॉर्ज हॅरिसन उजखुरा. त्यामुळे दोघांच्या गिटारींचे दांडे परस्परविरुद्ध दिशांना जातात, आणि दोघे एका मायक्रोफोनशी कपाळाला कपाळ लागेल इतके जवळ येऊन गाऊ शकतात. दोन उजखुऱ्या वादकांना हे तितके सहज साधले नसते. त्या एका मायक्रोफोनपाशी हॅरिसनने आपल्या उमेदीची वर्षे काढली; १९६३ सालच्या 'धिस बॉय' या गाण्यात लेनन, मॅकार्टनी आणि तो असे तिघे इतके एकजीव गातात, की कोण कोठे आहे हे शोधण्याचा मोह टाळावासा वाटतो.

हॅरिसनच्या बाबतीतली मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट मात्र मुंबईपासून सुरू होते. जानेवारी १९६८ मध्ये 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी तो मुंबईत आला होता. तेथील एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन त्याने ते काम केले, आणि त्याच मुक्कामात 'द इनर लाइट' या आपल्या गाण्याचे वाद्यसंगीतही मुद्रित केले. लंडनला परतल्यावर त्यावर शब्द गावयाचे होते. पण पट्टी उंच होती, आणि आपला गळा तेथवर नीट पोहोचेल की नाही, या शंकेने तो गावयास कचरत होता. स्टुडिओत हजर असलेल्या लेनन-मॅकार्टनी यांनी त्याला धीर दिला, आणि तो गायला. दोन दिवसांनी त्या दोघांनी गाण्याच्या अगदी शेवटी आपले आवाज त्याच्यामागे जोडले. जगातली सर्वांत प्रसिद्ध अशी दोन मुख्य गायकांची जोडी एका क्षणापुरती झीलकरी झाली, आणि हॅरिसनची रचना बीटल्सच्या सिंगलवर प्रथमच आली, ती 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला, मार्च १९६८ मध्ये. हे गाणे ऐकताना मला त्यातील संकोच स्पष्ट ऐकू येतो, आणि तोच त्याचा जीव आहे असे वाटते. उंच पट्टीवर बेधडक चढणाऱ्या गायकाने ते गायले असते तर ताओच्या वचनांवर बेतलेले ते शब्द घोषणेसारखे झाले असते.

येथे कैवार घेणाऱ्यांच्या भात्यातील सर्वांत बळकट बाणाला उत्तर देणे भाग आहे, आणि तो बाण म्हणजे फिल कॉलिन्स. १९७० साली तो जेनेसिस या बँडमध्ये ड्रम वाजविण्यासाठी दाखल झाला. पीटर गेब्रिएलमागे पाच वर्षे त्याने स्वर धरला. मधूनमधून 'मोअर फूल मी'सारखे एखादे गाणे त्याच्या वाट्याला आले. १९७५ साली गेब्रिएल बाहेर पडला, नव्या गायकाच्या शोधात कित्येक उमेदवारांच्या चाचण्या झाल्या, कोणीही पसंतीस उतरेना, आणि अखेर ड्रममागे बसलेलाच पुढे आला. १९७६ च्या 'अ ट्रिक ऑफ द टेल'पासून त्या बँडची कीर्ती वाढतच गेली. पाहा, असे कैवारी म्हणतात, दुसऱ्याला संधी मिळाली की तो पहिला होतो. मला त्यातून निराळे दिसते. कॉलिन्सचा आवाज लोकांना पहिल्या दिवसापासून आपलासा वाटला, याचे कारण तो पाच वर्षे त्यांच्या कानांत होताच. गेब्रिएलचा म्हणून जो आवाज ते ऐकत होते त्याचा काही भाग आधीपासून कॉलिन्सचा होता. आणि तो पुढे आला तेव्हा मागची जागा ओस पडली. मैफलींत ड्रमवर बसविण्यासाठी बिल ब्रुफर्डला आणावे लागले. ताल धरता धरता गाणाऱ्या त्या माणसाच्या गळ्याला जे विशिष्ट वजन होते, ते हाती मायक्रोफोन आल्यावर बदलले. पुढे त्याने जे मिळविले ते मोठे होते, यात शंका नाही. पण ती बढती नव्हे, ते धंद्याचे पालटणे होते.

उलट बाजूची साक्ष रँडी माइस्नर देतो, आणि ती आठवताना मन जड होते. नेब्रास्कातून आलेला हा लाजाळू बासवादक ईगल्स या बँडच्या मूळ चौघांपैकी एक. त्यांच्या चौपदरी मेळातला सर्वांत वरचा पदर तो धरीत असे. १९७५ सालच्या 'टेक इट टू द लिमिट' या गाण्यात त्याला मुख्य स्वर मिळाला. गाण्याच्या शेवटी बाकीचे सारे तीच ओळ फिरून फिरून गातात आणि माइस्नरचा आवाज त्यांच्यावरून चढत चढत अशा जागी जातो, की तेथे श्रोत्याचाही श्वास अडकतो. गाणे अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले, आणि मग प्रत्येक मैफलीत लोक त्या जागेची वाट पाहू लागले. रोज रात्री, प्रकाशझोतात, हजारो माणसांसमोर तो स्वर लागलाच पाहिजे, या धास्तीने माइस्नर पोखरला गेला. १९७७ च्या उन्हाळ्यात टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे, प्रकृती बरी नसताना, त्याने ते गाणे गाण्यास नकार दिला. रंगमंचामागे बँडमधील सहकारी ग्लेन फ्रायशी हातघाई झाली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने बँड सोडला.

या प्रसंगाची कथा सांगणारे बहुधा त्याच्या भित्रेपणाकडे किंवा फ्रायच्या कठोरपणाकडे बोट दाखवितात. मला वाटते, दोघांपैकी कोणाचाही मोठा अपराध नव्हता. गळा तोच, उंचीही जवळपास तीच; पण चौघांच्या मेळात जे उंच स्वर माइस्नर वर्षानुवर्षे लावीत आला, ते त्याला ओझे वाटल्याचे कोठे दिसत नाही. एकट्याने ते लावण्याची पाळी आली तेव्हा मात्र मागणी स्वराची उरली नाही, ती हजेरीची झाली: अंगावर प्रकाश घेऊन उभे राहण्याची, टाळ्यांचे देणे रोखीने चुकते करण्याची. जो चाहता म्हणतो की माइस्नरला आणखी गाणी द्यावयास हवी होती, त्याने नॉक्सव्हिलच्या त्या रात्रीचा विचार करावा. त्याच्या जागी आलेला टिमथी श्मिट हाही स्वभावाने दुय्यम स्वराचाच माणूस होता. 'आय कान्ट टेल यू व्हाय' हे त्याने गायलेले गाणे चढावाचे नाही, कानाशी बोलावे तसे आहे, आणि म्हणूनच ते त्याला सदैव पेलले. १९९८ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात ईगल्सचे नवे-जुने सातही सभासद एकत्र वाजवायला उभे राहिले, तेव्हा माइस्नर आणि श्मिट एकाच रंगमंचावर होते. २०२३ साली माइस्नर गेला.

कलेचा प्रश्न हा असा आहे. मोबदल्याचा प्रश्न निराळा, आणि त्याबाबत मात्र कैवाऱ्यांच्या बाजूने उभे राहण्यास मला यत्किंचितही संकोच वाटत नाही. जानेवारी १९७३ मध्ये क्लेअर टॉरी ही पंचवीस वर्षांची गायिका एका रविवारी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बोलाविली गेली आणि पिंक फ्लॉइडच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय' या रचनेवर, हाती एकही शब्द नसताना, केवळ आकार-उकारांनी तिने मृत्यूविषयीचे एक अख्खे गाणे उभे केले. मेहनताना तीस पौंड मिळाला. ती ध्वनिमुद्रिका, 'द डार्क साइड ऑफ द मून', कोट्यवधींनी खपली. तीस वर्षांनी टॉरीने दावा लावला, २००५ साली तडजोड झाली, आणि तेव्हापासून त्या रचनेच्या कर्त्यांत बँडमधील रिचर्ड राइटच्या नावाशेजारी तिचेही नाव छापले जाऊ लागले. ती बँडची सभासद नव्हती. पण जे तिच्या बाबतीत घडले ते अनेक सभासदांच्याही बाबतीत घडत आले आहे, कारण गाण्याचा हक्क शब्द आणि चाल रचणाऱ्याचा मानला जातो, आणि मेळ रचणाऱ्या गळ्याची नोंद त्या जमाखर्चात कोठेच होत नाही.

क्वीनच्या घरात हा हिशेब एकदा उलटाही फिरला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला टेलरने रचलेले आणि त्यानेच गायलेले 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार' हे गाणे होते. तबकडी एकच विकली जात असल्यामुळे रचनाकार म्हणून टेलरला मर्क्युरीइतकीच रक्कम मिळत राहिली, आणि त्यावरून बँडमध्ये बरीच वर्षे धुसफूस होती. १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून त्यांनी सारी गाणी चौघांच्या सामाईक नावावर टाकली. सामाईक सातबाऱ्याने भाऊबंदकी मिटतेच असे नाही. येथे मात्र ती मिटली, आणि मला तो निर्णय त्यांच्या संगीताचे खरे स्वरूप कागदावर आणणारा वाटतो.

व्हॅन हेलन या बँडचे उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण ते स्वयंस्पष्ट आहे. १९८५ साली त्यांचा मुख्य गायक डेव्हिड ली रॉथ गेला आणि सॅमी हेगर आला. दोघांच्या आवाजात, स्वभावात, गाण्याच्या विषयांत कसलेही साम्य नाही. तरी १९८६ ची ध्वनिमुद्रिका लावताच ती याच बँडची आहे हे पालुपदापाशी कळते, आणि ते कळते बासवादक मायकेल अँथनीच्या उंच, धारदार साथीमुळे. मुख्य गायक बदलला आणि बँड टिकला. २००६ नंतर अँथनीची जागा दुसऱ्याने घेतली, तेव्हा रॉथ परत येऊनही काही तरी हरवले आहे असे जुन्या श्रोत्यांना वाटत राहिले. 'द बँड' या नावाच्या बँडने तर हा हुद्दाच नेमला नाही. 'द वेट' या १९६८ च्या गाण्यात लेव्हॉन हेल्म आरंभ करतो, एका कडव्यासाठी रिक डँको पुढे होतो, रिचर्ड मॅन्युएल वरून सूर धरतो. बहुतेक गाणी रचणारा रॉबी रॉबर्टसन क्वचितच गातो. आणि त्यांच्यातला पहिला कोण हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनातही येत नाही.

सरतेशेवटी मी ज्याच्यापाशी पुनःपुन्हा येतो तो रिचर्ड राइट. पिंक फ्लॉइडचा हा कळवाद्यवादक फार थोडे बोलणारा होता, आणि त्याचा आवाजही तसाच होता: मऊ, कडा नसलेला, पाण्यावर पसरणाऱ्या धुक्यासारखा. 'टाइम' या गाण्यात डेव्हिड गिल्मर ताठ, खरखरीत आवाजात कडवे म्हणतो आणि मग मधल्या भागात राइट येतो. त्या एका बदलाने गाण्यातला राग ओसरून तेथे खंत उरते. १९७१ च्या 'मेडल' या ध्वनिमुद्रिकेची एक संपूर्ण बाजू व्यापणारी 'एकोज' ही सुमारे साडेतेवीस मिनिटांची रचना आहे, आणि तिच्यातील शब्द गिल्मर आणि राइट आरंभापासून अखेरपर्यंत एकत्र गातात. मी ती अनेक वर्षे ऐकत आलो आहे, आणि तेथे मुख्य गायक कोण आणि दुय्यम कोण, हे मला अद्याप सांगता आलेले नाही. दोन आवाज एकमेकांवर असे टेकले आहेत, की एक काढून घेतला तर दुसरा पडेल.

या माणसाला १९७९ साली 'द वॉल'च्या मुद्रणाच्या वेळी बँडमधून काढून टाकण्यात आले. त्यानंतरच्या मैफलींत तो पगारी वादक म्हणून आपल्याच गाण्यांवर वाजवीत होता, आणि त्या अवाढव्य प्रयोगांत बाकीच्या तिघांना तोटा झाला असताना ठरलेला पगार घेणाऱ्या त्याच्या पदरी तेवढे काही पडले. १९९४ च्या 'द डिव्हिजन बेल'मध्ये त्याला पुन्हा एक गाणे मिळाले, 'वेअरिंग द इनसाइड आउट'. बोलणे विसरलेल्या माणसाचे ते गाणे आहे. २००६ साली तो गिल्मरबरोबर दौऱ्यावर होता, आणि ग्दान्स्कच्या गोदीत त्या दोघांनी 'एकोज' गायले. १५ सप्टेंबर २००८ रोजी राइट मरण पावला.

१९७१ च्या ऑक्टोबरात पिंक फ्लॉइडने इटलीतील पॉम्पेईच्या प्राचीन ॲम्फिथिएटरमध्ये, समोर एकही प्रेक्षक नसताना, कॅमेऱ्यापुढे 'एकोज' वाजविले होते. जुलै २०१६ मध्ये गिल्मर त्याच जागी परत आला. या वेळी प्रेक्षक होते, साथीला निवडक वादक होते, आणि वरचा सूर धरू शकतील असे गायकही होते. त्या जुन्या चित्रपटातले एक गाणे त्याने वाजविले, ते 'वन ऑफ दीज डेज'. रिक राइटशिवाय 'एकोज' करता येणार नाही, असे त्याने आधीच सांगून टाकले होते, आणि त्या दोन रात्री ते गाणे तेथे झाले नाही.